फटफटीची शेपटी

मार्गशीर्ष लागला की आमच्या छापखान्याच्या खिडकीखालून घोडे जायला लागतात. निमाडातून, खेतियाच्या वाटेने आलेले, शहाद्यात पाणी प्यायला थांबलेले आणि सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेले घोडे. पांढरे, अबलख, कुमेत. त्यांच्या पायांतल्या चाळांचा आवाज छपाईयंत्राच्या खडखडाटातूनही ऐकू येतो आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माझा हात आपोआप थांबतो. पोरं घोड्यांमागे धावतात, म्हातारी माणसं ओट्यावरून उतरून घोड्याचे दात बघतात. सगळ्या गावाला या दिवसांत आनंद होतो.

मला होत नाही. कारण घोड्यांच्या मागोमाग फटफट्या येतात. त्यांच्या हँडलला लाल गोंडे असतात, दिव्याखाली घुंगरांची माळ असते, आणि उजव्या मुठीपुढे, जिथे पुढच्या ब्रेकचा दांडा असायला हवा, तिथे काहीच नसतं. लोकांना गोंडा दिसतो. मला ती रिकामी जागा दिसते.

या दिवसांना वास असतो. कापसाच्या जिनातून उडणाऱ्या सरकीच्या धुळीचा, गुऱ्हाळावर उकळणाऱ्या रसाचा, तापीच्या ओल्या गाळात कापून टाकलेल्या केळीच्या खुंटांचा. हे वास सगळ्यांचे आहेत. माझ्यासाठी यात आणखी एक वास मिसळलेला आहे, जळलेल्या ब्रेकच्या पट्ट्याचा. तो केस जळाल्यासारखा येतो. इतकी वर्षं झाली, पण कुणी चुलीवर केसांचा गुंता टाकला तरी मी तोरणमाळच्या घाटात उभी असते.

आमच्या घरात फटफटी आली ती पत्रकं वाटायला. लष्कराने लिलावात काढलेली जुनी विलायती गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उचलून आणली. अंगावरचा हिरवा रंग सोललेला आणि टाकीवर कुणा अनोळखी शिपायाने खिळ्याने कोरलेलं एक नाव. अण्णा छापखाना चालवत आणि चळवळ चालवत. सावकारीविरुद्ध, देवऋषींविरुद्ध, वेठीविरुद्ध, दारूविरुद्ध, जे जे वाईट त्याच्याविरुद्ध आमच्या घरात पत्रक निघे. आम्ही पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवलो. माझी अक्षरओळख पाटीवर झाली नाही, शिशाच्या खिळ्यांवर झाली, म्हणून मी काही दिवस सगळी अक्षरं उलटी काढत असे. आणि छपाईत बिघडलेल्या पत्रकांनी आम्ही फटफटीचं तेल पुसत असू. "वेठ बंद करा" या मथळ्यावर काळं ग्रीस, "माणूस माणसाचा गुलाम नाही" यावर चेनची घाण. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

दर रविवारी परात काढायची. परातीत घासलेट ओतायचं आणि कार्बुरेटर उघडून त्यात बुडवायचा. वेचणीच्या दिवसांत त्यात हमखास कापसाचा बारीक तंतू सापडे. गाडी मधेच धापा टाकायला लागली की अण्णा म्हणत, "हिनं कापूस खाल्ला." स्पार्क प्लग पॉलिश कागदाने घासायचा, चेन काढून पातळ केलेल्या ग्रीसमध्ये मुरत ठेवायची. आई चुलीपाशी बसून म्हणे, "लोणचं घालतात तशी चेन घालतात बापलेक." ही सगळी कामं मी अण्णांच्या बरोबरीने करत असे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या नखांत काळं ग्रीस बघून नातेवाईक नाकं मुरडत, आणि अण्णा त्यावरही पत्रक काढतील की काय, अशी मला भीती वाटे.

आमच्या बाजूच्या फटफटीवाल्यांमध्ये पहिला मान जगनभाईंचा. तापीकाठचे गुजर पाटील, केळीचे आणि उसाचे मोठे बागाईतदार. अण्णांच्या सभांना ट्रॅक्टर देणारे, माणसं आणणारे, आणि स्वभावाने खरोखर मोकळे. त्यांच्याकडे चांदणी नावाची पांढरी घोडी होती. तिच्यावर बसून ते यात्रेला येत तेव्हा लोक बाजूला होऊन वाट देत. ती एका पावसाळ्यात पोटशूळ होऊन गेली. जगनभाईंनी दुसरी घोडी घेतली नाही. फटफटी घेतली आणि तिचं नाव चांदणीच ठेवलं.

नुसतं नाव ठेवून ते थांबले नाहीत. घोडीच्या खोगिराचं कातडं कापून त्यांनी गाडीची बैठक मढवली. तिच्या गळ्यातली घुंगरांची माळ दिव्याखाली बांधली. टाकीवर चांदीच्या रंगाने कपाळावरची चांदणी काढून घेतली. लांबून आले की गाडी एकदम उभी करायची नाही, अंगणात दोन फेऱ्या हळूहळू चालवायची, मग तापलेल्या इंजिनावर घोडीची जुनी झूल टाकायची, कारण घामात वारा लागू नये. दसऱ्याला तिच्या टाकीवर गूळ ठेवायचे. बाकीचे फटफटीवाले आधी हसले आणि मग एकेक करून सगळ्यांनी तेच केलं. या मुलखात घोड्याशी कसं वागायचं ते सगळ्यांना येत होतं. यंत्राशी कसं वागायचं ते कुणाच्या बापजाद्याला करावं लागलं नव्हतं. म्हणून यंत्राला घोडा केलं.

"अण्णा, देखा का मन्ही चांदणी? नवरीसारखी दिखस!" जगनभाई छापखान्यासमोर गाडी उभी करून ओरडत.

आणि त्यांच्या मागे बसून आलेला सायसिंग खाली उतरून मुकाट्याने झूल उलगडायला लागे.

सायसिंग तोरणमाळचा. पावरा आदिवासी. जगनभाईंकडे सालदार म्हणून राहिलेला. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. अशा कितीतरी आखाज्या तो तिथेच होता. घोडी होती तेव्हा तिचं दाणापाणी, खरारा, मालिश त्याच्याकडे. घोडी गेल्यावर तेच हात फटफटी पुसायला लागले. यात्रेच्या दिवसांत जगनभाई अण्णांशी गप्पा मारत बसले की तो आमच्या दाराशी बसे आणि मी त्याला चहा देई.

"पयली चांदणी मन्हा हात चाटे," तो एकदा तळहाताकडे बघत म्हणाला. "हाई चटका देस."

त्या वर्षी तो खुशीत होता. तोरणमाळला, वरच्या सपाटीवर, त्याने थोडी जमीन मोकळी केली होती. सुट्टी मिळेल तेव्हा डोंगर चढून जायचा आणि दगड वेचायचा.

"आखाजीले मी सुटसू," तो म्हणाला. "दगड येचीसन हात फुटी गयात, पन आते नांगर चालस तठे. मन्हं वावर शे ते. दुसऱ्यानं नही."

"मंग जगनभाईनी चांदणीले कोन धुई?" मी विचारलं.

"त्या धुतीन. त्येस्नी शे."

"हौ, जगनभाई धुतीन! मंग सूर्य तापीमा उगी!"

तो असा हसला की आतून जगनभाईंनी विचारलं, काय झालं. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घोडीचे, दुसऱ्याच्या गाडीचे लाड करण्यात ज्यांचा जन्म गेला त्या हातांना आता स्वतःच्या नांगराची मूठ धरायची होती. त्या माणसाला जगाकडून एवढंच हवं होतं. याहून कमी काय मागता येतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

ब्रेकची गोष्ट त्याच यात्रेतली. तापीच्या पात्रात, घोडे पळवतात त्या वाळूत, फटफटीवाल्यांनीही गाड्या पळवल्या. जगनभाई पुढे होते. समोर एक शिंगरू आडवं आलं, त्यांनी गडबडीत पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि वाळूत पुढचं चाक रुतून ते गाडीवरून उडाले. लागलं फारसं नाही. पण ते तोंडातली वाळू थुंकत उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी निदान केलं.

"घोडाना तोंडले हिसका दिधा का तो मानूसले पाडसच. हाई बी तसंच शे. पुढला ब्रेक म्हंजे तोंडना हिसका."

"मंग काढी टाका ना तो, भाई!" गर्दीतला एक जण म्हणाला. "गोंडा बांधा तठे. शोभी तरी."

सगळे हसले. आणि खरंच यात्रा संपायच्या आत एकेका गाडीचा पुढचा ब्रेक निघाला. पान्याने दांडा सोडवला, तार ओढून काढली आणि त्या जागी लाल गोंडा आला. दोष वाळूचा होता, करकचून दाबणाऱ्या मुठीचा होता. पण घोड्यांचं शहाणपण गाडीला लावलं की निकाल असाच लागतो.

अण्णांनीही काढला. देवऋषींवर, अंगाऱ्यांवर, शकुनांवर पत्रकं लिहिणाऱ्या माझ्या वडिलांनी अंगणात बसून आमच्या गाडीचा ब्रेक काढला, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले.

"अण्णा, ही अंधश्रद्धा नाही का?"

"हा अनुभव आहे, कुसुम. डोळ्यांसमोर पडला तो."

"वाळूत पडले. रस्त्यावर नाही."

"बरं, बरं. गोंडा दे तिकडचा."

लाल लोकर विकणाऱ्या बाईकडून गोंडा मीच आणलेला होता, आईच्या शिवणाच्या पेटीसाठी. तो त्यांनी हँडलला बांधला. चांगला दिसत होता, हेही सांगायला हवं.

यात्रा उठली की फटफटीवाल्यांनी मिळून तोरणमाळला जायचं, असा त्यांचा पायंडा होता. वर थंडी असते, तळं असतं, धुकं असतं. पुरुषांनी कोंबडी शिजवायची, गाड्यांच्या गप्पा मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं. त्या वर्षी अण्णांना वरच्या वस्तीत पत्रकं वाटायची होती म्हणून मीही त्यांच्या मागे बसून गेले. पत्रक वेठीविरुद्ध होतं. पायथ्याचं राणीपूर सोडल्यावर सातपुडा समोर भिंतीसारखा उभा राहिला, आणि कच्च्या रस्त्याच्या वळणांवर गाड्यांची घुंगरं एकामागून एक वाजत चढत गेली. एका क्षणाला मलाही ते सुंदर वाटलं. सागाची मोठी वाळकी पानं चाकांखाली मोडत होती. खाली सगळा मुलूख पसरला होता, पिवळा, धुरकट, मधे तापीची चकाकती रेघ.

चढताना इंजिन ओढतं. उतरताना गाडीला धरून ठेवावं लागतं, आणि धरायला एकच ब्रेक उरला होता, मागचा. त्यावरही या मंडळींनी तोड काढलेली होती. त्यांच्या आधीच्या बैलगाडीवाल्यांची तोड होती ती. तीव्र उतारावर गाडीच्या मागे लाकडाचा ओंडका बांधून फरफटत आणतात, म्हणजे गाडी बैलांवर जात नाही. फटफटीला ओंडका जड होतो, वळणावर अडकतो. म्हणून फटफटीच्या मागे दोर बांधायचा आणि दोर धरायला माणूस ठेवायचा. तो मागे रेलून, टाचा रोवत, गाडी ओढून धरत उतरणार. जुन्या ब्रेकांच्या काही गाड्यांना आधीही असा माणूस लागे. त्या वर्षी सगळ्यांनाच लागला. वरच्या वस्तीतून माणसं बोलावली गेली. त्यांना कुणी यायचं का म्हणून विचारलं नाही. चला म्हटलं, ते आले.

या प्रकाराला त्यांनी नाव ठेवलं होतं, शेपटी.

"लावा रे शेपट्या!" जगनभाई हात वर करून ओरडले. "घोडं म्हनं म्हंजे शेपटी पाह्यजेच!"

"मन्ही शेपटी जरा बारीक शे, भाई!" दुसरा एक फटफटीवाला त्याच्या वाट्याला आलेल्या काटकुळ्या म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला. पुन्हा हसणं झालं. म्हातारा अहिराणी समजत नसल्यासारखा उभा राहिला. त्याला समजत होती. आदल्या संध्याकाळी तो माझ्याशी बोलला होता.

मी अण्णांजवळ गेले. "आपण गाडी ढकलत नेऊ. मी मागून धरते."

"सगळी मंडळी काय म्हणतील?"

"कालच आपण यांना वेठीवरचं पत्रक दिलं, अण्णा."

त्यांनी हँडलचा गोंडा सारखा केला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्यांना सवय असते."

मी गाडीवर बसले नाही. दोर धरणाऱ्या माणसांच्या मागे चालत निघाले. म्हणून जे झालं ते मी पाहिलं, ऐकलं, आणि त्याचा वासही घेतला.

जगनभाईंच्या गाडीला सायसिंग. निघताना त्यांनी मान वळवून सांगितलं, "हातले गुंडाळी ले रे दोर. मांगला सालले तुन्हा हातमातून सुटी गया व्हता. गुंडाळ, पक्का." सायसिंगने उजव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, दोर गुंडाळून घेतला. जगनभाईंनी इंजिन बंद केलं. उतारावर घोड्याला दम खाऊ द्यावा, असं ते म्हणत.

पहिली वळणं नीट गेली. मग तो वास आला. मागचा ब्रेक सारखा दाबून दाबून तापला होता आणि तापलेला ब्रेक धरत नाही. वरच्या रस्त्यावरून मला जगनभाईंची पाठ दिसत होती, ते पायाने ब्रेक दाबत होते आणि गाडी थांबत नव्हती. घुंगरांचा ताल बदलला. आधी सायसिंग चालत होता. मग पळत होता. मग त्याची पावलं नुसती जमिनीला लागत होती. आणि मग तीही लागेनाशी झाली.

"दोर सोड!" जगनभाई ओरडत होते. "सायसिंग, सोड ना दोर!"

तो कसा सोडणार? दोराने त्याला धरलेलं होतं.

वळणावर गाडी डोंगराच्या अंगाला धडकून आडवी झाली. जगनभाईंचा गुडघा फुटला. अण्णांचा दोर धरणारा माणूस दोर टाकून खाली धावला, बाकीचेही धावले, आणि वरच्या सगळ्या फटफट्या जिथल्या तिथे बांधाला, झाडाला टेकवून थांबल्या. म्हणजे थांबता येत होतं. सायसिंग दगडांत पडला होता. तो ओरडत नव्हता. त्या हाताकडे मी बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. घुंगरांची माळ तुटून रस्त्यावर पडली होती, आणि एक फटफटीवाला ती वाकून गोळा करत होता. ते मात्र मी शेवटपर्यंत बघितलं.

चादरीची झोळी करून त्याला खाली नेलं. ज्यांना शेपटी म्हटलं होतं त्याच माणसांनी नेलं. हात कापावा लागला नाही. कोपराखाली तो अजून आहे, पण बोटं मिटत नाहीत.

जगनभाई रडले. खोटं रडले असं मी म्हणणार नाही. दवाखान्याच्या ओट्यावर बसून ते कपाळ बडवत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मन्ही चांदणी बिथरनी हो. बिथरनी." यात्रेतून परतलेल्या लोकांनी हाच शब्द उचलला. चहाच्या दुकानात, बाजारात, जिनाच्या फाटकावर. गाडी बिथरली. नशीब.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, यंत्राला घोडा करण्याचा उपयोग काय असतो. घोडा बिथरला तर मालकाचा दोष नसतो. घोड्याला जीव आहे, मन आहे, भीती आहे. पण यंत्र बिथरत नाही. यंत्राचा ब्रेक कुणीतरी पान्याने काढलेला असतो. माणसाच्या हाताला दोर गुंडाळायला कुणीतरी सांगितलेलं असतं. जिथे ब्रेक हवा तिथे गोंडा बांधला आणि ब्रेकचं काम माणसाला दिलं, कारण लोखंडाच्या दांड्यापेक्षा डोंगरातला माणूस सहज मिळत होता. पडण्याची भीती मालकाला होती. पडला तो दुसराच.

हेच मी लिहिलं. याच शब्दांत, खिळ्यांत जुळवून, चौकटीत कसून मी ते छपाईच्या दगडावर मांडलं, शाई लावायची तेवढी राहिली होती. अण्णा आले. त्यांनी उलटी अक्षरं सरळ वाचावीत तशी वाचली. उभ्यानेच, सगळी.

"जगन आपला माणूस आहे," ते म्हणाले.

"आणि सायसिंग कुणाचा आहे?"

त्यांनी चौकट सैल केली आणि एकेक खिळा उचलून खिळ्यांच्या पेटीतल्या आपापल्या घरात परत टाकायला सुरुवात केली. क काच्या घरात, म माच्या घरात. मी त्यांचा हात धरला तेव्हा ते थांबले.

"हे काढायचं तर त्यात माझंही नाव हवं, कुसुम. माझ्याही गाडीला शेपटी होती."

"मग घाला नाव."

त्यांचा हात माझ्या हातातून हळूच सुटला. खिळे पुन्हा घरात पडायला लागले. शिशाचा खिळा लाकडी घरात पडताना टक् असा बारीक आवाज होतो. त्या दुपारी सगळं पत्रक त्या आवाजात विरलं. सगळ्या जगाविरुद्ध छापणारा माणूस स्वतःच्या अंगणाशी येऊन थांबला. मी त्यांच्यावर प्रेम करते. त्यांच्याजवळच राहते, त्यांच्याच यंत्रावर काम करते. पण त्या दुपारनंतर आमच्या छापखान्यातून निघणारं प्रत्येक पत्रक मी आधी मनात उलटं वाचते, आणि त्यात आम्ही कुठे आहोत ते शोधते. बहुतेक वेळा आम्ही नसतो.

आखाजीला सायसिंग सुटला. जगनभाईंनी नवा सालदार ठेवला.

या वर्षी घोडे जायला लागले तेव्हा मी परात काढली. आमची गाडी बरेच दिवस पडून होती, अण्णांना आता तिची किक मारवत नाही. पुढचं चाक उतरवलं, आतला गंज घासला, नंदुरबारहून नवी तार आणवली. दांडा मात्र मिळेना. अण्णा ओट्यावर खोकत बसले होते. उठले, छापखान्यात गेले, आणि तुटक्या खिळ्यांचा डबा घेऊन आले. त्यात तळाशी तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला तो दांडा होता. गंजही चढला नव्हता. कुणीतरी तो वरचेवर पुसत असल्याशिवाय असा राहत नाही.

"तार अगदी ताणू नको," ते म्हणाले. "आणि मूठ हळूहळू दाबायची. एकदम दाबली तर पाडतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं," ते म्हणाले. गोंडा त्यांनीच सोडला. चुलीत टाकला. आईने विचारलं, कसला वास येतो.

सारंगखेड्याच्या रस्त्याला गर्दी होती. मी उलट्या दिशेने, तोरणमाळकडे निघाले. "देख रे, छापखानानी पोर फटफटी हाकस!" अशा हाका राणीपुरापर्यंत मागे लागल्या. घाट मी एकटीच चढले. ते वळण आलं तेव्हा थांबले नाही. तिथे काहीच खूण नाही. दगडांनी कधी कुणाचं काही लक्षात ठेवलं आहे?

वर सायसिंगचं खळं चालू होतं. मळणीचे बैल फिरत होते, कणसांचा भुगा उन्हात उडत होता. डाव्या हातात त्याच्या चाबूक होता आणि उजवा अंगाशी लटकत होता. बैलांचा कासरा त्याने कमरेला बांधलेला होता. मी तो कमरेचा दोर बघत राहिले. त्यानेही माझी नजर कुठे आहे ते पाहिलं.

"ह्या मन्हा बैल शेत," तो म्हणाला. "थांब म्हनं का थांबतस."

आणि थांबवून दाखवले.

त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. पुढच्या ब्रेकचा दांडा त्याने डाव्या हाताने दाबला. मी गाडी ढकलून बघितली, चाक हललं नाही. त्याने दांडा सोडला, पुन्हा दाबला.

"हाई तवय कोठे व्हतं?"

"डबामा."

"डबामा," तो म्हणाला. पावरीत बायकोला काहीतरी सांगितलं. तिने गाडीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तेवढा वेळ मला डोळे कुठे ठेवावेत ते कळेना.

त्याला मीठ आणायला राणीपूरला जायचं होतं. मी म्हटलं, बस, मी नेते. ब्रेक चांगला आहे.

"बठाव नही," तो म्हणाला. "मांगे तं नहीच नही."

"मंग?"

"मी पुढे चालस. तू मांगेथून ये."

घाट उतरायला लागलो. पुढे सायसिंग, खांद्यावर रिकामी पिशवी, आणि मागे मी, इंजिन चालू, पहिल्या गिअरमध्ये, चारही बोटं ब्रेकवर. रस्ता अरुंद होता. गाडी सुटली असती तर पहिला तोच सापडला असता. हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. तरी त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या चालीत घाई नव्हती. मधे त्याने एका झुडपाचं पान तोडून चघळलं. त्या वळणाशी तो थांबला. मी थांबले. ब्रेकने धरलं. तो तिथे किती वेळ उभा होता ते मी सांगू शकत नाही, तेवढ्या वेळात माझी बोटं बधिर झाली, कोपरापर्यंत कळ गेली, पण मूठ सैल करण्याची माझी हिंमत झाली नाही. मग तो पुढे चालायला लागला.

खाली सपाटीवर आल्यावर तो पहिल्यांदा वळला. मी ब्रेकवरची बोटं एकेक करून सोडवत होते.

"हात दुखी ऱ्हायना का?"

"दुखी ऱ्हायना."

"दुखू दे," सायसिंग म्हणाला, आणि पिशवी झटकून मिठाच्या दुकानाकडे निघून गेला.